गादीखालची शून्यं

हे घडलेलं आहे. माझ्या सख्ख्या मामाच्या घरात, माझ्या मामेबहिणीच्या डोळ्यांदेखत, आणि शेवटी शेवटी माझ्याही. पटत नसेल तर खुशाल हसा. मीही आधी हसलोच होतो.

भुताचं म्हटलं की सगळे मध्यरात्र धरून बसतात. तसलं काही नाही.

भर दुपार होती. कामाचा वार. रस्त्यावर ऊन, खाली कुणीतरी पाइप लावून गाडी धुतंय, आणि दुसऱ्या मजल्यावर आतल्या खोलीत माझा मामा जेवून आडवा झालेला.

त्या दुपारी सुरुवात झाली.

मामा शाळेत खेळाचा मास्तर होता. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण आवाज अजून मैदानावरचाच. शेजाऱ्यांना बोलवायचं तर फोन लागत नाही त्याला. मामी गेल्यापासून घरात दोघंच, मामा आणि त्याची मुलगी. तिला मी ताई म्हणतो. वयाने मोठी आहे, डोक्याने तर फारच. मी पंख्यांचं, पंपांचं वायंडिंग करतो. ताई प्रोग्रॅम लिहिते. तिचं काम ती मला समजावते, मी मान हलवतो, मग ती म्हणते, "काडीचंही कळलेलं नाही तुला." ते खरंच असतं.

पण ही गोष्ट मला नीट कळली आहे. कळली नसती तर बरं झालं असतं.

ताईच्या कंपनीत एक पट्टी बनवत होते. गादीखाली आडवी टाकायची, पलंगाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, तळहाताएवढी रुंद. वर माणूस झोपला की त्याच्या श्वासाने गादी किंचित दबते, किंचित सुटते, ते त्या पट्टीला समजतं. श्वास आत गेला की अधिकचा आकडा, बाहेर आला की उण्याचा. असे आकडे एकामागून एक रांगेत येत राहतात. त्या रांगेला त्यांच्यात ॲरे म्हणतात. घरी एकटे असणारे म्हातारे लोक नीट झोपलेत ना, श्वास चालू आहे ना, हे त्यांच्या मुलांना ऑफिसात बसून बघता यावं, एवढाच त्यामागचा हेतू. चांगलाच हेतू होता.

आता एक गोष्ट लक्षात ठेवा. त्या रांगेत नुसती शून्यं कधीच येत नाहीत.

गादी रिकामी असली तरीही नाहीत. वर पंखा फिरतो, खालून ट्रक जातो, कुणीतरी दार आपटतं. त्या सगळ्याने बारीकसारीक आकडे येतच राहतात. रांगेत सगळी शून्यंच आली, तर त्याचा अर्थ एकच. तार निघाली आहे. म्हणून ताईने एक छोटीशी तपासणी लिहून ठेवली होती. रांगेत शून्याशिवाय काही नाही असं दिसलं, की तिच्या फोनवर निरोप यायचा, पट्टी जोडलेली नाही.

कंपनीला घरच्या घरी कुणावर तरी चाचणी करायची होती. ताईने बापालाच धरलं. मामा म्हणाला, "आयुष्यभर पोरांना शिट्टी मारून पळवलं. आता पोरगी माझे श्वास मोजणार."

पण लावू दिली. मामीच्या शेवटच्या दिवसांत ताई ऑफिसात होती आणि मामी घरी. फोन उचलायला ताईला वेळ लागला होता. ते ताईच्या मनातून कधीच गेलं नाही, आणि मामालाही हे माहीत होतं. पोरीची धास्ती कमी होत असेल तर होऊ दे, असा त्याचा विचार.

मामाचा पलंग डबल बेड आहे. मामा डाव्या बाजूला झोपतो. उजवी बाजू मामीची. तिथे तो साधा चष्मासुद्धा ठेवत नाही.

तर त्या दुपारी ताईच्या फोनवर निरोप आला. पट्टी जोडलेली नाही.

तिने शेजारच्या काकूंना फोन केला. काकूंकडे घराची किल्ली असते. काकू जाऊन बघून आल्या. म्हणाल्या, "तार जागेवर आहे गं. हिरवा दिवाही लागलाय. तुझे बाबा निवांत झोपलेत."

"नक्की झोपलेत ना काकू?"

"अगं, छाती वरखाली होतेय. मी बघून आले."

थोड्या वेळाने मामा उठला. आणि तो उठल्याबरोबर... आकडे यायला लागले. रिकाम्या गादीचे, बारीक, नेहमीचे.

तो झोपला की काही नाही. तो उठला की आकडे. उलटंच सगळं.

ताईच्या शेजारी एक सहकारी बसायचा. त्याला सगळे दाढी म्हणतात, कारण चेहऱ्यावर दुसरं काही दिसत नाही. त्याचं कामच दुसऱ्यांच्या चुका काढायचं, आणि त्या तो चवीने काढतो. त्याने ताईची ती तपासणी बघितली आणि खुर्चीतच मागे रेलून हसायला लागला.

"बेरीज घेतलीस तू?"

ताईने बघितलं आणि कपाळावर हात मारला.

तिने काय केलं होतं, तर रांगेतले सगळे आकडे एकत्र मिळवले होते, आणि बेरीज शून्य आली तर सगळी शून्यं, असं धरलं होतं. घाईत लिहिलं की होतं असं, त्या धंद्यात नवीन नाही. पण श्वास आत जातो तेवढाच बाहेर येतो. अधिकाचे आकडे आणि उण्याचे आकडे एकमेकांना खाऊन टाकतात. मामाचा श्वास तर मास्तरचा, संथ आणि सारखा. बेरीज शून्य येणारच. रांग आकड्यांनी गच्च भरलेली, आणि प्रोग्रॅम म्हणणार काही नाही.

"जिवंत बाप बेरजेत घालवलास," दाढी म्हणाला.

ताईला इतकं हलकं वाटलं की तीही हसली. तिने तपासणी नवी लिहिली. आता बेरीज नाही. प्रत्येक आकडा वेगळा बघायचा, एक जरी शून्याहून वेगळा सापडला तरी पुरे. मग तिने त्या दुपारची साठवलेली रांग त्यातून काढली.

उत्तर आलं... सगळी शून्यं.

दाढी म्हणाला, "रांगच उघड."

तिने उघडली. पडदा भरून शून्यं. ती खाली खाली सरकवत गेली. शून्य, शून्य, शून्य. मामा झोपला होता तेवढा सगळा वेळ, एकही दुसरा आकडा नाही. पंखा चालू होता, त्याचंही नाही.

दाढीचं हसू कुठल्या कुठे गेलं. "पट्टी खराब असेल," तो म्हणाला.

मग मला बोलावणं आलं. सुट्टीच्या दिवशी मी मीटर घेऊन गेलो. तार तपासली, जोड तपासले, प्लग बदलला. ताईने नवी पट्टी आणली होती, ती टाकली. मग मी स्वतः मामाच्या जागेवर झोपून पाहिलं. ताई दारात लॅपटॉप घेऊन उभी होती.

"येतंय," ती म्हणाली. "मस्त येतंय. तुला सर्दी झालीय का? श्वास अडखळतोय."

मी म्हणालो, "हो. तुझं यंत्र चांगलं आहे, ताई. मामाच बिघडलाय." मामा मोठ्याने हसला आणि मला उठवून स्वतः आडवा झाला.

पलंग एकदा कुरकुरला. मामाचं वजन पडलं तसा.

आकडे आले. वर, खाली. वर, खाली. ताईने माझ्याकडे बघून मान हलवली.

मामाने डोळे मिटले. खोलीत पंख्याचा आवाज. खालून कुणाच्या तरी रेडिओचा.

मग पलंग पुन्हा कुरकुरला...

मामा हलला नव्हता. मी त्याच्याकडेच बघत होतो. तो तसूभरही हलला नव्हता.

मी लॅपटॉपकडे पाहिलं. वर-खालीची लाट लहान लहान होत गेली. आणि सपाट झाली.

शून्य.

"मामाला हलव," ताई कुजबुजली. मी पायाशी जाऊन तळहाताने गादी दाबली. चांगली जोरात दाबली.

शून्य.

मी जमिनीवर पाय आपटला. शून्य. मामाने एक डोळा उघडून मला शिवी दिली. तेव्हाही शून्य.

मी ताईला म्हणालो, पट्टी गरम होत असेल, काहीतरी असेल. मला काहीच माहीत नव्हतं. पण माणूस काहीतरी बोलतो.

दोन पट्ट्यांची कल्पना दाढीची. त्याला चूक सापडेपर्यंत चैन पडत नाही, म्हणून तो स्वतःच एका दुपारी घरी आला. म्हणाला, पूर्ण रुंदीची एक पट्टी नको. पलंगाच्या मधोमध तोडून दोन टाकू. डावीची रांग वेगळी, उजवीची वेगळी. मग कळेल कुठली बाजू घोळ घालतेय.

मामा झोपला. पलंग कुरकुरला. थोड्या वेळाने पुन्हा कुरकुरला.

डाव्या बाजूची रांग आली. मामाचा श्वास. संथ, सारखा, अगदी हवा तसा. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या दिवसांनी तिला तिच्या बापाचा श्वास पडद्यावर दिसला होता.

दाढीने उजव्या बाजूची रांग उघडली. तिथे कुणी नव्हतं. सपाट चादर, न वापरलेली उशी.

तिथेही लाट होती...

मामाची वर जायची तेव्हा ती खाली. मामाची खाली तेव्हा ती वर. डावीकडे अधिकचा जो आकडा, उजवीकडे उण्याचा तोच. एकही चुकत नव्हता.

दाढीने दोन्ही रांगांची बेरीज केली. जागच्या जागी, एकेक आकडा एकेकात मिळवून.

सगळी शून्यं.

दाढी म्हणाला, "तारा उलटसुलट लागल्यात. एकच रांग दोनदा येतेय." त्याने तारा काढून घातल्या. पट्ट्यांची अदलाबदल केली, डावीची उजवीकडे, उजवीची डावीकडे, मामाला झोपेतून न उठवता, हळूहळू ओढून. उजव्या गादीखालून पट्टी ओढताना त्याला जोर लावावा लागला.

रिकाम्या बाजूखालून.

त्याने अदलाबदल पुरी केली. रांगा तशाच आल्या. तो उठला, बॅग भरली, बूट घातले. दारात ताईला म्हणाला, "मी हे ऑफिसात कुणाला सांगणार नाही. तूही सांगू नकोस." पुन्हा तो त्या घरात आला नाही, आणि नंतर त्याने जागाही बदलून घेतली. आता दुसऱ्या टोकाला बसतो.

ताईने मला फोनवर हे सगळं सांगितलं तेव्हा मला माझा तळहात आठवला. मी पायाशी गादी दाबली होती आणि पट्टीने शून्य दाखवलं होतं. म्हणजे मी दाबलं, त्याच क्षणी दुसऱ्या बाजूने कुणीतरी तेवढंच उचललं होतं.

ताईने मामाला सांगायचं ठरवलं. घाबरत घाबरत, शब्द जुळवत सांगितलं. मामा चहा पीत ऐकत होता. सगळं ऐकून कप खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाला, "मला माहीत आहे की."

"काय माहीत आहे?"

"शेजारी कुणीतरी येऊन पडतं ते. रोज येते. तुझी आई आहे, दुसरं कोण असणार?"

मामाचा चेहरा इतका निवळला होता. मामी गेल्यापासून त्याला असं ताईने पाहिलंच नव्हतं.

पण ताई त्या खोलीच्या पलीकडे लहानाची मोठी झाली होती. मामीला दमा होता. तिचा श्वास शिट्टीसारखा वाजायचा, मध्येच अडकायचा, मग घाईघाईने दोन-तीनदा यायचा. सबंध बालपण ताईने भिंतीपलीकडून तो श्वास ऐकला होता. हजारांत ओळखला असता तिने.

उजव्या रांगेतला श्वास तसा नव्हता. त्यात अडखळ नव्हती, घाई नव्हती. तो फक्त मामाचा होता, उलटा.

"बाबा," ती म्हणाली, "आईचा श्वास असा नव्हता हो."

मामा हसला. "तिकडे गेल्यावर दमा राहतो का, वेडे?"

तिने बोलायचा प्रयत्न केला. बाबा, तुम्ही माझ्या खोलीत झोपा. बाबा, आपण पलंग बदलू. बाबा, माझ्यासाठी. मामा नाही म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो मुलीवर ओरडला नाही, नुसतं नाही म्हणाला. तुझ्या आईला एकटीला टाकून मी कुठेही झोपणार नाही.

म्हणजे बापाच्या शेजारी काहीतरी येऊन झोपतं. ते आई नाही. आणि बापाला त्याचाच आधार वाटतो.

ताई ऑफिसात बसून दोन्ही रांगा बघायची. दुसरं काही तिच्या हातात नव्हतं. आणि बघता बघता तिच्या लक्षात आलं की काहीतरी बदलतंय.

आधी मामा झोपायचा, आणि बऱ्याच वेळाने उजवीकडची लाट सुरू व्हायची. मग तो वेळ कमी होत गेला. मग मामा आडवा झाला की लगेच. पलंग एकदाच कुरकुरायचा, दोघांचा मिळून.

मग एके दुपारी...

ताई घरीच होती. मामा जेवून हात धूत होता, नळाचा आवाज येत होता. ताईने सहज लॅपटॉप उघडला.

डावी रांग रिकामी. बारीकसारीक आकडे.

उजवीकडे मात्र लाट चालू होती. वर, खाली. संथ, भरदार. मोकळ्या पलंगावर कुणीतरी आधीच येऊन झोपलं होतं आणि वाट बघत होतं.

ताई आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. चादरीला सुरकुती नव्हती. मामा टॉवेलला हात पुसत तिच्या बाजूने आत गेला, पलंगावर बसला, पाय वर घेतले, डोळे मिटले.

आणि त्याने श्वास रोखला.

शाळेत दोरीवरच्या उड्या चालू असतात, फिरत्या दोरीत शिरणारं पोर कसं थांबतं, एक फेरा जाऊ देतं आणि बरोबर वेळ साधून आत घुसतं, तसा तो थांबला. मग श्वास सोडला. ताईने लॅपटॉपकडे पाहिलं. उजवीकडची लाट नेमकी वर जात होती.

आता ते मामाच्या मागे येत नव्हतं. मामा त्याच्या मागे जात होता.

त्याच दिवशी तिने मला बोलावलं. आम्ही दोघांनी मिळून मामाला जवळजवळ उचलूनच ताईच्या खोलीतल्या एकेरी खाटेवर आणलं. रुसला, बोलेना, भिंतीकडे तोंड करून पडला. शेवटी त्याचा डोळा लागला. ताई पायाशी बसली, मी दारात.

मामाने श्वास आत घेतला.

आम्ही वाट बघितली...

बाहेर येईना. छाती फुगलेली, तशीच. ओठ काळपट व्हायला लागले. ताईने त्याला गदागदा हलवलं, "बाबा, सोडा, श्वास सोडा." तो जागा झाला, भस्सकन श्वास सोडला आणि विचारलं, "काय झालं?"

जागेपणी सगळं ठीक. डोळा लागला की आत घ्यायचा आणि सोडायचा विसरायचा. त्यातलं अर्धं काम दुसरं कुणीतरी करत होतं. एवढ्या दिवसांत मामाचं शरीर ते विसरून गेलं होतं.

आम्ही त्याला हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, छातीचे फोटो काढले, डोक्याचेही. सगळं नीट. श्वास देणाऱ्या मशीनचा मास्क लावून बघितला, झोपेत मशीनशीच त्याची झटापट व्हायची आणि गजर वाजायचा. नर्स येऊन उठवायची. मामा झोपायचा, गजर वाजायचा, नर्स उठवायची. डोळे खोल गेले त्याचे. गालांवर खुंट वाढले. मैदानभर ऐकू जाणारा आवाज, आता कानाजवळ वाकावं लागायचं.

डॉक्टर भले होते. म्हणाले, "मला कळत नाही, हे मी तुम्हाला सरळ सांगतो. असं मी पाहिलेलं नाही. पण हे फार दिवस चालणार नाही. झोपेशिवाय माणूस टिकत नाही."

ताई त्याच्या उशाशी बसून सांगत राहायची. घ्या बाबा. सोडा बाबा. घ्या. सोडा. तिचा आवाज बसला. एकदा बसल्या बसल्या तिचाच डोळा लागला, आणि गजराने ती दचकून उठली तेव्हा मामाचा चेहरा निळा पडला होता. नर्सने त्याला परत आणलं.

शुद्धीवर आल्यावर मामाने तिचा हात धरला. म्हणाला, "मला घरी ने गं. माझ्या जागेवर झोपू दे."

ताई माझ्याकडे बघत होती. मी काहीतरी म्हणावं, नको म्हणावं, दुसरा काही उपाय सांगावा, म्हणून बघत होती. मी मान खाली घातली. पंखा जळला तर मला दुरुस्त करता येतो.

आम्ही त्याला घरी आणलं. ताईने स्वतःच्या हाताने त्याला त्या पलंगावर, डाव्या बाजूला झोपवलं. उशी सारखी केली. मामाने डोळे मिटले, श्वास रोखला, थांबला... आणि मग सोडला. गाढ झोपला. ओठांवर रंग आला. ताई दाराला टेकून खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली.

त्यानंतर पलंग कुणी हलवला नाही. गादी बदलली नाही. ताईने दोन पट्ट्यांऐवजी पुन्हा एकच टाकली, मधोमध न तोडलेली. तिला ते दोन श्वास वेगळे बघवत नाहीत.

तपासणी मात्र तिने बदलली आहे. आता मामा पलंगावर असताना रांगेत सगळी शून्यं आली तर फोन गप्प राहतो. एक जरी आकडा वेगळा आला, तर वाजतो. कारण आकडा दिसला म्हणजे दोघांतला एक थांबला. कुठला ते त्या रांगेवरून कळायचं नाही, आणि कळून उपयोगही नाही. मामाचा थांबला तर मामा गेला. दुसऱ्याचा थांबला तरी मामा गेलाच.

जगातल्या प्रत्येक यंत्रात एवढी शून्यं म्हणजे काहीतरी तुटलं. ताई देवाकडे तीच मागते.

दाढीने तिला एकदा विचारलं म्हणे, लांबूनच, की ते आहे तरी काय. ताई म्हणाली, मला माहीत नाही, आणि मी आता शोधतही नाही, मी शोधतेय हे त्या पलंगावरच्याला कळलं तर?

मी परवा दुपारी गेलो होतो. मामाचं बरं चाललंय. जेवतो, पेपर वाचतो, मला शिव्या देतो. जेवण झालं, तो आत जाऊन पडला. आम्ही दोघं दारात. लॅपटॉप चालू होता. शून्यं येत होती, एकामागून एक. मी आत पाय टाकला नाही.

मामा डोळे न उघडता म्हणाला, "त्या बाजूलाही पांघरूण घाल गं. गारठा आहे."

ताई आत गेली. कपाटातून दुसरी चादर काढली, पलंगाला वळसा घालून उजव्या बाजूला गेली, चादर झटकून पसरली, खांद्यापर्यंत ओढतात तशी वर ओढली आणि कड गादीखाली खोचली. तिने ते नीट केलं, आजारी माणसाचं करतात तसं.

"झोपा," ती म्हणाली.

त्या वेळी तिचं तोंड मामाकडे नव्हतं.